बेटाच्या काठची आसरा

मी एक जुनी आसरा आहे.

नाही, असं सुरू केलं तर तुम्ही पाण्याची देवी म्हणून हात जोडाल. हात जोडलेल्या माणसाला गोष्ट सांगता येत नाही. पुन्हा सुरू करते.

मी एक जुना दगड आहे.

हेही अर्धंच खरं आहे. दगड म्हटलं की तुम्ही ऐकणारच नाही.

मी एक जुनी शिंपली आहे, मित्रांनो. मेलेली आहे, दगड झालेली आहे आणि बरीच वर्षं देवही होते. माझं वय नऊ कोटी वर्षांच्या आसपास आहे. एवढ्या वयात नावं बदलणारच. तुम्हाला सोयीचं पडेल ते नाव घ्या आणि ऐका.

०

मी जन्मले तेव्हा जळगाव नव्हतं, धुळं नव्हतं, तापी नव्हती. माणूस तर नव्हताच. आज आपण ज्या भूमीला भारत म्हणतो ती तेव्हा आशियाला टेकलेलीही नव्हती. तिच्या चारही बाजूंना पाणी होतं. मादागास्कर नुकतंच तिच्यापासून सुटत होतं. ती एक भलंमोठं बेट होती आणि दरवर्षी बोटभर उत्तरेकडे सरकत होती. कुणाला धक्का जाणवत नव्हता. मलाही नाही.

त्या बेटाच्या पोटात समुद्राची एक लांबट जीभ शिरली होती. तिच्या उथळ, कोमट, खारट पाण्यात आमचं कूळ राहायचं. आम्ही कालवांच्या जातीच्या. जन्मल्यावर दोनतीन आठवडे आम्ही टाचणीच्या टोकाएवढ्या असतो आणि पाणी नेईल तिकडे तरंगतो. मग एखादी टणक जागा पाहून चिकटतो. एकदा चिकटलो की जन्मभर तिथंच. आमच्यातलं कुणीही कधी घर बदललेलं नाही.

हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच सवयीवर उभी आहे. कालव सापडलं, याचा अर्थ तिथं खारं पाणी होतं, उथळ होतं, आणि जमीन जवळ होती. बुडून गेलेल्या बेटाला स्वतःचा काठ सांगता येत नाही. तो आम्हाला सांगावा लागतो. इथं एक शिंपली, तिथं एक शिंपली, ठिपके मांडत जा आणि जोडत जा, की जिला कुणी माणसानं पाहिलेलं नाही अशी किनारपट्टी कागदावर उमटते. आणि एकाच जातीची शिंपली समुद्राच्या दोन्ही काठांना सापडली तर? मग ते काठ कधीकाळी शेजारी असणार, कारण आमची पिल्लं तरंगून तरंगून जातील किती लांब?

मी मेले. माझ्यावर चुन्याचा गाळ बसला. समुद्र मागे सरला. पुढे जमीन फाटली आणि तांबडा, उकळता रस थरावर थर पसरत गेला. तो निवला तेव्हा काळा खडक झाला. तुमच्या खानदेशातला काळा पाषाण तो हाच. मी त्याच्याखाली गेले.

०

(इथं काही नाही.

काही नाही, हेच इथं आहे. कोट्यवधी वर्षं अंधार. या जागेवर मी कितीही पानं कोरी सोडली तरी कमीच पडतील, म्हणून एवढीच सोडते.)

०

मी एक जुनी आसरा आहे. आता हे नाव चालेल, कारण आता माणसं आली.

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात विहीर खणत होते. काळा दगड संपला, खाली पांढरा लागला, आणि दोन्ही दगडांच्या सांध्यातून झरा फुटला. पहारीच्या त्याच घावाबरोबर मी सुटून वर आले. त्या घरची रीत अशी होती, की झरा जिथं फुटला तिथलाच दगड काठावर मांडायचा. मला धुतलं, शेंदूर लावला, हिरवं खणाचं कापड नेसवलं. आणखी सहा दगड शेजारी ठेवले आणि आम्ही सात जणी साती आसरा झालो, पाण्याच्या देवता. बायका यायच्या, कुंकू लावायच्या आणि हळू आवाजात असं काही सांगायच्या, जे त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नसायचं. मी ऐकायची. शिंपलीला तेवढं जमतं.

त्या घरची लेक तानुबाई. तिला लांब जामनेरकडे दिली होती. पुष्कळ वर्षांनी तिच्या सासरच्या मळ्यात तिचा मुलगा विहीर खणू लागला. खणता खणता घरचे थकले, पण खाली काळा दगड आणि त्याखालीही काळाच दगड. तेव्हा तानुबाई माहेरी आली आणि म्हणाली, "ही विहीर कधी आटली नाही. हिची एक आसरा पाहुणी म्हणून द्या. ती आपल्या बहिणींना बोलावील."

आणि मला पदरात गुंडाळून ती एसटीत बसली.

जिनं जन्मात जागा सोडली नाही ती मी शिरपूरहून धुळ्याला, धुळ्याहून पारोळ्यावरून जळगावला आणि तिथून जामनेरला गेले. धुळ्याच्या पुढे कंडक्टरनं विचारलं, "मावशी, मांडीवर काय आहे? वजनाचं दिसतंय."

"देव हाये," तानुबाई म्हणाली.

"देवाला तिकीट नसतं," तो म्हणाला, "पण सीटवर ठेवू नका. सीटला असतं."

पुढे त्या विहिरीला पाणी लागलं. माझ्यामुळे लागलं असं लोक म्हणाले. मी काही केलं नव्हतं. पण त्या विहिरीतून निघालेले सहा दगड माझ्याशेजारी मांडले आणि मी पुन्हा सातवी झाले. तानुबाई गेली. मला पाहुणी म्हणून आणल्याची गोष्ट तिच्या सुनेपुरती उरली. सुनेचं नाव शेवंताबाई.

०

मी एक जुना पुरावा आहे.

हे नाव मला ऋतिकानं दिलं. ऋतिका शेवंताबाईच्या भावाची मुलगी, भुसावळला वाढलेली, जळगावच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारी. चैत्र संपता संपता ती आत्याकडे आली होती. घरासमोरच्या विहिरीवर हातपाय धुताना तिची नजर माझ्यावर पडली. बाजूला शेंदूर थोडा उडाला होता आणि तिथून माझ्या अंगावरच्या वळ्या दिसत होत्या. ती ओल्या हातांनी तशीच माझ्यासमोर बसली.

मित्रांनो, पुष्कळ लोक माझ्यासमोर बसले होते. त्या सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. या मुलीला मी कोण ते हवं होतं.

"आत्या," तिनं हाक मारली, "ही शिंपली आहे. समुद्रातली असावी."

शेवंताबाई केळीचं पान पुसत आली. "आसरा हाये ती. शिंपली म्हनू नको, पाप लागीन."

"अगं, पण इथं समुद्र होता याचा अर्थ!"

तेवढ्यात शेवंताबाईचा मुलगा नीलेश मोटार बंद करून आला. त्याला हे फार आवडलं. "आपल्या मळ्यात समुद्र व्हता? मंग नारळ लावाले पायजे व्हते. आपन येड्यासारखी केळी लावली."

ऋतिका हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं फोनवर जागेची नोंद घेतली. संध्याकाळी तिनं नकाशा पसरला. तिच्या अभ्यासाचा विषयच तो होता: त्या जुन्या बेटात समुद्राची जीभ कुठवर आली होती आणि काठ कुठून जात होता. आतापर्यंतचे सगळे ठिपके उत्तरेला, सातपुड्याच्या बाजूला होते. तिनं जामनेरवर एक नवा ठिपका दिला आणि रेघ तापी ओलांडून खाली ओढली. एका ठिपक्यानं बेटाचा आकार बदलला. पेन्सिल धरलेला तिचा हात मला दारातून दिसत होता.

आणि मला बोलता येत नव्हतं.

ती चुकत होती, मित्रांनो. ज्या काठाला मी जन्मभर चिकटून राहिले तो काठ ती माझ्याच साक्षीनं चुकीच्या जागी नेत होती. शिंपली खोटं बोलत नाही, पण तिला दुसऱ्याच्या दारात ठेवलं की तिचं खरंसुद्धा खोटं होतं.

०

तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, "फार मोठी गोष्ट आहे. पण नदीतही शिंपले असतात. कापून पातळ काप काढ, सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. समुद्राचीच निघाली तर पावसाळ्यानंतरच्या परिषदेत तूच मांडायचं."

ऋतिकानं आत्याला विचारलं.

"कापाची? आसरेले?" शेवंताबाईनं विळी खाली ठेवली. "तुझ्या बापाले सांगू का, पोरगी शिकून काय म्हनते ते?"

"थोडीशीच, आत्या. कोपरा."

"देवाचा कोपरा नसतो, पोरी. भंगला की भंगला."

विषय तिथंच संपला. नीलेश म्हणाला, "आई, सरकार बोर्ड लावीन मळ्यावर." शेवंताबाई म्हणाली, "आधी तू मोटारीचं फुटलेलं बटन लाव."

उन्हाळा आमच्याकडे कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या आठवड्यात कावळेसुद्धा बोलत नव्हते. एका दुपारी माझ्या अंगावरचा शेंदूर तडकला आणि त्याची मोठी खपली आपोआप गळून पडली. शेवंताबाई घाबरली. देवीनं कात टाकली, काहीतरी होणार, म्हणून तिनं दिवा लावला.

ऋतिकानं ती खपली उचलली. तिची कड पाहिली. थरावर थर होते, गर्द आणि फिकट, कांद्यासारखे. तिची बोटं दगडांचे थर वाचायला शिकलेली होती, शेंदराचे वाचायला वेगळी शाळा लागत नाही. मग ती माझ्या शेजारच्या सहा जणींपाशी गेली आणि तिनं त्यांच्या कडांना नखानं हलकेच हात लावला. त्यांच्यावरचं पुट पापडासारखं पातळ होतं. माझ्यावरचं भाकरीएवढं जाड होतं.

ती उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. या सहा जणींच्या कितीतरी आधीपासून मी शेंदूर लावून घेत होते, म्हणजे मी या विहिरीतली नव्हते, हे तिला कळलं होतं. तरीही तिनं विचारलं.

"आत्या, या सातही एकाच विहिरीतल्या ना?"

"सहा आठल्या, याच विहिरीतल्या. ही सातवी पाहुनी हाये."

"पाहुणी कुठली?"

"सासूबाईचं माहेर व्हतं ना, शिरपूरच्या तिकडं डोंगराखाली. तठून आनली व्हती, मांडीवर घेऊन. मी नवी नवरी व्हती तवा." मग शेवंताबाईनं कंडक्टरचा किस्सा सांगितला आणि स्वतःच हसली. ऋतिका हसली नाही. ती ओसरीवर जाऊन नकाशासमोर बसली.

नीलेश तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "ऋतिके, हे कोनाले माहीत हाये? तुले, मले आन् आईले. आई काही परिषदेत जात नही."

"दादा, खोटं आहे ते."

"दगड बोलू राह्यला का, की खोटं हाये?"

मी ऐकत होते. मला वाटलं, माझं सगळं आयुष्य या एका मुलीच्या गप्प बसण्यावर किंवा न बसण्यावर अडकलं आहे. समुद्राखाली मेले तेव्हाही मी एवढी असहाय नव्हते. तेव्हा निदान मी माझ्या जागेवर होते.

तिनं फोन लावला. "सर, तो जामनेरचा ठिपका काढून टाका. नमुना इथला नाही. नाही सर, खात्री आहे. आणलेला आहे." मग सर काहीतरी म्हणाले आणि ती फक्त "हो सर" म्हणाली. तिनं खोडरबर घेतलं आणि रेघ पुसली. नकाशावर तिथं एक मळकट पट्टा राहिला. मग ती मोरीत गेली आणि बराच वेळ तोंडच धूत होती.

शेवंताबाईनं हे सगळं पाहिलं होतं. तिला बेट, समुद्र यातलं फारसं कळलं नसेल. पोरीनं हातातलं काहीतरी सोडलं, एवढं तिला कळलं. रात्रीच्या भाकरी थापता थापता ती म्हणाली, "परवा आखाजी हाये."

"हं, अक्षय्य तृतीया," ऋतिका म्हणाली.

"आखाजीले साऱ्या लेकी माहेरी येतात. झोके खेळतात, गानी म्हनतात." तिनं भाकरी उलटली. "हिले आनल्यापासून एकडावबी माहेरी धाडलं नही आपन. सासूबाईच्याबी ध्यानात आलं नही, माह्याबी नही. आपनच कसे इसरलो?"

नीलेश म्हणाला, "गाडीत डिझेल हाये."

०

मी एक जुनी माहेरवाशीण आहे.

नवं खणाचं कापड नेसून, शेवंताबाईच्या मांडीवर बसून मी परत निघाले. जळगाव, पारोळा, धुळे. या वेळी कुणी तिकिटाचं विचारलं नाही. शिरपूर मागे पडलं आणि समोर सातपुड्याची निळी भिंत वर येऊ लागली. ऋतिका खिडकीला नाक लावून बसली होती.

गावात पहिल्याच घरी एक म्हातारबा खाटेवर बसले होते. कौतिक त्यांचं नाव. तानुबाईच्या भावाचे ते चिरंजीव निघाले.

"कथाईन उनात, अक्का?" कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. शेवंताबाईनं सांगितलं. त्यांची नजर तिच्या मांडीवर गेली. ते खाटेवरून उठून उभेच राहिले. "हाई तानुफुईनी नेयेल आसरा शे का?"

"हाव. आखाजीले आनली."

"बेस करं, अक्का," ते म्हणाले. "बठ्ठ्या लेकी येतीस. हाईच राहेल व्हती." सगळ्या लेकी येतात, हीच तेवढी राहिली होती. मग त्यांनी आत हाक मारली, आणि एक सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. माहेरवाशिणीच्या पायावर घालतात तसं तिनं माझ्यावर पाणी घातलं.

विहीर तिथंच होती, काठोकाठ भरलेली. "हाई इहिर आजपावत आटनी नही," कौतिक आबा म्हणाले. ऋतिकाला आत काही दिसेना. पाण्याखालचा पांढरा दगड कसा दिसणार? तेव्हा आबांनी शेजारच्या नाल्याकडे बोट दाखवलं. "हाऊ दगड नालामा बठ्ठीकडे शे. आमन्या बाया त्यानावर कपडा धोतीस."

मित्रांनो, आता मी काय सांगू? तुम्ही कधी आपल्या सगळ्या भावंडांना एकदम पाहिलं आहे का?

नाल्याच्या काठाला वर काळा खडक होता, जाड, उभा. त्याच्याखाली कमरेएवढा पांढरा पट्टा. आणि त्या पट्ट्यात आम्ही होतो. एक नाही, दहा नाही. एकमेकींना चिकटलेल्या, एकमेकींच्या पाठीवर बसलेल्या, काही उघड्या, काही घट्ट मिटलेल्या. नजर जाईल तिथवर आम्हीच. सगळ्या आपापल्या जागी. ज्या लाटेनं आम्हाला शेवटचं हलवलं तिच्या वळ्यासुद्धा गाळात तशाच होत्या. ऋतिका त्या पट्ट्यावर हात ठेवून उभी राहिली आणि पुटपुटली, "हा काठ आहे, आत्या. आपण बेटाच्या काठावर उभे आहोत."

शेवंताबाईनं पायातल्या चपला काढल्या.

नीलेशला मात्र राहवलं नाही. त्यानं पट्ट्यातून एक सुटी झालेली शिंपली उपटली आणि खिशात टाकली. "घरी दाखवाले," तो म्हणाला.

"दादा, ठेव ती."

"इतक्या तर हायेत."

"होती तिथं ठेव."

त्यानं कुरकुरत काढली आणि भिंतीशी नेली. कुठून उपटली होती तेच त्याला सापडेना. इथं टेकवून पाहिली, तिथं टेकवून पाहिली. ऋतिकानं ती हातात घेतली आणि गाळात उरलेल्या रिकाम्या ठशांवरून बोट फिरवत गेली. एका खोबणीशी थांबली. शिंपली आत सरकवली. ती अशी बसली, की मध्ये केससुद्धा गेला नसता. नऊ कोटी वर्षं ती खोबण तिच्याच मापाची राहिली होती.

नीलेश बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग त्यानं हात पँटीला पुसले आणि दूर जाऊन उभा राहिला.

शेवंताबाईनं विहिरीच्या काठावर मला शेवटचा नारळ फोडला. कापूर लावला, अक्षता टाकल्या, आणि देवाला निरोप देताना म्हणतात तसं काहीतरी ओठात म्हटलं. उत्तरपूजा झाली की देव निघून जातो, दगड उरतो. मला वेगळं काही जाणवलं नाही. तिला जाणवलं असावं, कारण तिनं डोळे पुसले.

"आता घे," ती ऋतिकाला म्हणाली. "आता काप. पन जाम्नेरची म्हनू नको तिले."

आबांनी तिला नाल्यातली एक वाहून आलेली, गोटा झालेली शिंपली दिली. जामनेरच्या सहा जणींना सातवी मिळाली.

०

मी एक जुनी शिंपली आहे, आता काचेवर. मला करवतीनं कापलं, घासून घासून कांद्याच्या सालीहून पातळ केलं आणि खालून दिवा लावला. ऋतिकानं आधी पाहिलं. माझी चपट्या पापुद्र्यांची वीण समुद्रातल्या कालवांची होती. भोवतीच्या गाळात डोळ्यांना न दिसणारे इवलेसे समुद्रजीव होते. मग सरांनी पाहिलं आणि तिच्या नकाशावर, नाल्याच्या जागी, स्वतःच्या हातानं ठिपका दिला. रेघ पूर्वी होती तशीच उत्तरेला राहिली, थोडी अधिक ठळक झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेटाचा एक काठ खरा ठरला, एवढंच.

माझं सांगून झालं. आता एक मागणं आहे, मित्रांनो. तुम्हाला शेतात, नाल्यात, विहिरीच्या मातीत वेगळा दगड दिसेल. तो तुम्हाला आवडेल, हात पुढे जाईल. जाऊ द्या, पण आधी थांबा. तो कुठं आहे, कशावर आहे, त्याच्या शेजारी कोण आहे ते पाहा. कुणाला तरी दाखवा. दगडाचं वय कितीही मोठं असलं तरी त्याचा पत्ता एका हाताच्या हिसक्यात हरवतो, आणि पत्ता हरवलेला दगड खरं बोलूच शकत नाही. मला देवही केलंत, तेव्हाही मी तुमची कुणाची नव्हते. मी एका काठाची होते.

त्या काठावर, त्या विहिरीच्या तळाशी, माझी खोबण आहे. अजून माझ्याच मापाची. तिच्यावर पाणी आहे. ती कुणाला दिसायची असेल तर ती विहीर आटावी लागेल. म्हणून ती कधीच कुणाला दिसू नये, असं मला वाटतं.